आई नावाचं गाव

फ्रान्समधल्या रँसहून एपर्नेला जाणारी छोटी गाडी एका स्टेशनावर थांबली. पाटीवर दोनच रोमन अक्षरं होती आणि दुसऱ्या अक्षराच्या डोक्यावर दोन टिंबं. मला इथंच उतरायचं होतं, पण नाव धड उच्चारता येत नव्हतं. शेजारी बसलेल्या आजीबाईंकडे पाहून मी ‘अय?’ असं अंदाजपंचे विचारलं. त्यांनी मान हलवली आणि लहान मुलाला शिकवावं तसं तोडून सांगितलं, ‘आ-ई.’

उतरल्या उतरल्या मी नानांना फोन लावला. ‘नाना, मी आईला पोचले.’

पलीकडे क्षणभर शांतता. मग, ‘तुझी आई तर इथं लसूण सोलतेय.’

आमची निफाड तालुक्यात चार एकर द्राक्षबाग आहे. नाना माळकरी. पंचवीस वर्षं आळंदी-पंढरपूरची वारी केली, गुडघे गेले म्हणून थांबले. आयुष्यभर थॉमसन, म्हणजे खायची द्राक्षं, पिकवली, मधली काही वर्षं सोडून. त्या वर्षांविषयी पुढे सांगते. मी कामासाठी पॅरिसला जाणार म्हटल्यावर घरच्या इतरांनी आयफेल टॉवरचे फोटो मागितले. नानांनी एवढंच सांगितलं, ‘तिकडं द्राक्षाचा मुलुख आहे म्हणतात. जमलं तर बघून ये. खुंट कोणता वापरतात, विचार.’ (खुंट म्हणजे ज्या मुळाच्या झाडावर वेलीचं कलम करतात ते.)

म्हणून मेमधला एक शनिवार-रविवार मी शॅम्पेनच्या मुलखात काढला. फ्रेंच लोक प्रदेशाला स्त्रीलिंगी करतात आणि त्यातून निघणाऱ्या वाइनला पुल्लिंगी. आपण मराठीत बाटलीलाही ‘ती शॅम्पेन’ म्हणतो आणि लग्नाच्या हॉलमध्ये फसफसणाऱ्या सफरचंदाच्या सरबतालाही. हे दुसरं इथे बोलून दाखवलं तर लोक दुखावतात.

पॅरिसहून वेगाच्या गाडीने रँस फक्त पाऊण तास. तिथे आदल्या दिवशी मी एका मोठ्या घराण्याचं तळघर पाहिलं. (शॅम्पेन बनवणाऱ्या जुन्या कंपन्यांना तिकडे ‘मेझों’, म्हणजे घरच म्हणतात; आपल्या गायकीतल्या घराण्यासारखं.) तळघर म्हणजे काय, तर गॅलो-रोमन काळात बांधकामाच्या दगडासाठी खणलेल्या प्रचंड खाणी. तोंडाशी अरुंद आणि खाली रुंद होत गेलेल्या. तळाशी उभं राहून वर पाहिलं की खूप उंचावर उजेडाचा एक चौकोन दिसतो. भिंतीवरून हात फिरवला आणि तळवा पांढरा झाला. खडू. शाळेत फळ्यावर लिहायचो तोच, ओलसर आणि थंड. बाहेर जानेवारी असो की जुलै, इथे दहा-बारा अंश.

पहिल्या महायुद्धात जर्मन तोफांनी रँस भाजून काढलं. सप्टेंबर १९१४ मध्ये तर कॅथेड्रलही पेटलं. तेव्हा शहरातली माणसं या खडूच्या पोटात राहायला आली. इथेच शाळा भरायच्या. खडूच्याच वर्गात खडूने लिहिणारी ती मुलं माझ्या डोक्यातून दिवसभर गेली नाहीत.

दाखवणारा माणूस तरुण होता, बोलायला उत्साही. डॉम पेरिन्यों नावाच्या साधूने शॅम्पेनचा शोध लावला, ही गोष्ट त्यानेच हसत मोडीत काढली. पेरिन्यों इथून जवळच्या ओव्हिलेर गावच्या मठाचा कोठीवाला होता, १६६८ पासून १७१५ मध्ये मरेपर्यंत. त्याची सगळी हयात वाइनमध्ये बुडबुडे येऊ नयेत म्हणून खटपट करण्यात गेली. या थंड मुलखात हिवाळ्यात आंबण्याची क्रिया अर्धवट गोठायची, वसंतात पुन्हा जागी व्हायची आणि कोठीतल्या बाटल्या फटाक्यांसारख्या फुटायच्या. त्याचं खरं कसब होतं वेगवेगळ्या बागांची द्राक्षं एकत्र करून वाइनला चव आणण्यात. मुद्दाम साखर घालून वाइन फेसाळ करता येते, हे लेखी सांगितलं ते ख्रिस्तोफर मेरेट नावाच्या इंग्रजाने, १६६२ साली लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे. फ्रेंच माणसाने हे स्वतःहून कबूल करावं याचं मला कौतुक वाटलं.

आता पद्धत अशी: आधी साधी वाइन करायची, तीही चांगली आंबट. मग त्यात थोडी साखर आणि यीस्ट घालून बाटलीतच पुन्हा आंबवायची. झाकण घट्ट असल्याने वायूला वाट मिळत नाही आणि तो वाइनमध्येच मुरतो. आतला दाब सहा वातावरणांपर्यंत चढतो, मोटारीच्या टायरच्या जवळजवळ तिप्पट. पूर्वी तळघरातले कामगार तोंडावर लोखंडी जाळीचे मुखवटे बांधून फिरायचे ते याच भीतीने. काम संपलं की यीस्ट मरतं आणि बाटलीत त्याचा साका बसतो. त्या साक्यावरच वाइन महिनोन्‌महिने झोपवून ठेवायची. भाजलेल्या पावासारखा वास येतो तो त्यातून. कायद्याने किमान पंधरा महिने बाटलीत काढावे लागतात. ज्या बाटलीवर एकाच सालाचं नाव आहे तिला तीन वर्षं.

पण मग साका काढायचा कसा? वायू न घालवता? इथे एक बाई येते. बार्ब-निकोल क्लिको, सत्ताविसाव्या वर्षी विधवा झालेली. ‘व्हव्ह क्लिको’ म्हणजे विधवा क्लिको. तेच ब्रँडचं नाव आजवर चालत आलंय. तिच्या तळघरात १८१६ च्या सुमारास भोकं पाडलेल्या फळीवर बाटल्या उलट्या खोचायची युक्ती निघाली. रोज थोडं हलवून, थोडं फिरवून बाटली हळूहळू उभी करत न्यायची. साका घसरत मानेत जमा होतो. मग मान गोठवून झाकण काढलं की आतल्या दाबाने बर्फाची ती गोळी बाहेर उडते.

त्या तरुणाने आम्हाला हे करून दाखवलं. दोन्ही हातांत दोन बाटल्यांचे बुड, मनगटाला एक झटका, आठव्या हिश्शाचा वळसा, लगेच पुढच्या दोन. खट-खट, खट-खट. बुडाला चुन्याची एक रेघ असते, कुठली बाटली किती फिरली ते कळावं म्हणून. जुना कसलेला माणूस दिवसाला चाळीस हजार बाटल्या फिरवायचा म्हणे. आता ते बहुतेक यंत्रच करतं. मला आमच्या बेदाणा निवडणाऱ्या बायांची बोटं आठवली. त्यांच्याकडे बघून कुणी टाळ्या वाजवल्याचं मात्र मला आठवत नाही.

तर, आई.

गाव मार्न नदीच्या काठी आहे आणि मागे लगेच चढ सुरू होतो. सगळा चढ दक्षिणेला तोंड करून, द्राक्षांनी भरलेला. शेवटच्या घराची भिंत संपते तिथे पहिली वेल. एक बांध चढून गेले आणि नानांना व्हिडिओ कॉल लावला.

‘एवढुशा?’ नाना म्हणाले. ‘ही तर वांग्याची झाडं!’

आमच्याकडे वाय पद्धतीच्या लोखंडी अँगलवर बाग डोक्याच्या वर जाते. इथल्या वेली कमरेएवढ्या, तारेला बांधलेल्या, ओळी मीटर-सव्वा मीटरवर. आमच्याकडे एकरी हजार वेली, इथे तीन हजारांच्या वर. ‘मग ट्रॅक्टर कुठून घालतात?’ हे नाना विचारणारच होते, आणि तेवढ्यात उत्तर समोरून आलं. उंच टांगांचा एक ट्रॅक्टर द्राक्षांच्या ओळी दोन पायांमध्ये घेऊन त्यांच्या वरून चालला होता. ड्रायव्हर पहिल्या मजल्यावर. नाना बराच वेळ काही बोललेच नाहीत.

मग त्यांनी शेंडा जवळून दाखवायला सांगितला. मी कॅमेरा पानाजवळ नेला. कोवळा शेंडा आणि पानाची खालची बाजू पांढरट, पीठ भुरभुरल्यासारखी.

‘भुरी पडलीय!’ नाना ओरडले. ‘सांग त्यांना, गंधक मारा म्हणावं.’

भुरी नव्हती ती. शॅम्पेनमध्ये मुख्यत्वे तीन जातींची द्राक्षं लावतात: शार्दोने, पिनो न्वार आणि म्यूनिए. त्यांतल्या म्यूनिएच्या पानावर जन्मजातच अशी लव असते. म्यूनिए म्हणजे गिरणीवाला. पिठाने माखलेला गिरणीवाला! हे सांगितल्यावर नाना खूश झाले. या गावाची ख्याती मात्र पिनो न्वारची. काळं द्राक्ष, पण हलक्या हाताने दाबलं की रस पांढराच निघतो.

खुंटाचंही उत्तर मिळालं. एकोणिसाव्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या मुळावरच्या किडीने फ्रान्सच्या बागा खाल्ल्या. तेव्हापासून अमेरिकन खुंटावर कलम करूनच इथली द्राक्षं उभी आहेत, आमची डॉगरिजवर असतात तशी. पण याच गावात बोलिंजे घराण्याच्या भिंतींनी वेढलेल्या दोन लहानशा बागांत विनाकलमाची जुनी वेल अजून जिवंत आहे. ती वाढवतात ती दाब कलमाने, फांदी मातीत वाकवून. भिंतीवरून डोकावून बघता येतं. बाकी बागेत ओळी असतात, तिथे नुसती गर्दी दिसली.

ड्रिप नाही. घालायला परवानगीच नाही, हे मात्र नानांना पटेना. खडू स्पंजासारखा आहे, पाऊस पिऊन ठेवतो. एका घनमीटरमध्ये तीन-चारशे लिटर. उन्हाळ्यात मुळं त्यातून हवं तेवढं ओढतात. आमची काळी माती मेमध्ये हात जाईल एवढी भेगाळते.

एक गोष्ट मात्र दोन्हीकडे सारखी निघाली. मेच्या मध्यापर्यंत इथे रात्रीच्या थंडीची धास्ती असते; कोंब फुटलेले असतात आणि एका रात्रीत दंव गोठून ते काळे पडतात. मग पहाटे उठून ओळींमध्ये मेणाचे डबे पेटवायचे, नाहीतर पाण्याचे फवारे सोडायचे. निफाडचा पारा पाच-सहाच्या खाली गेला की नाना आणि मी बांधावर काटक्या-कुटकं पेटवून धूर करायचो. मला थंडीत उठायचा कंटाळा यायचा. ‘मण्याला थंडी वाजते, तुला काय वाजते?’ असं म्हणून ते घोंगडी ओढायचे.

आता ती मधली वर्षं.

२००५-०६ च्या सुमारास आमच्या भागात वाइनची लाट आली. नारायणगावला १९८० च्या दशकात शामराव चौगुल्यांनी फ्रेंच मदतीने फेसाळ वाइन करून परदेशी धाडली होती, नाशकात नव्या वायनऱ्या उभ्या राहत होत्या, आणि पुढे तर मोएत हे शॅम्पेनचं बडं घराणं स्वतः दिंडोरीला आलं. नानांनीही एका वायनरीशी करार करून दीड एकरावर शिराझ, म्हणजे वाइनची द्राक्षं, लावली. दिंडीतल्या लोकांनी टोमणे मारले, माळ घालून दारूची द्राक्षं लावतोस म्हणून. ‘द्राक्षं लावलीत, दारू नाही,’ एवढं बोलून ते टाळ वाजवायला लागायचे. दोन-तीन हंगाम बरे गेले. मग मंदी आली, वाइन टाक्यांमध्येच पडून राहिली, आणि एका वर्षी फेब्रुवारीत वायनरीने माल उचलायला नकार दिला. करार होता कागदावर. शिराझ म्हणजे बारीक मणी, जाड साल, आत बी; बाजारात कोण खाणार? घड वेलीवर वाळले. नानांनी बाग तोडली. त्या खुंटांवर दोन हिवाळे आमचा बंब तापला. वाइनचा विषय आमच्या घरात तेव्हापासून निघत नाही.

म्हणून आईमधल्या ज्या लहान शेतकऱ्याच्या घरी मी वाइन चाखायला बसले, त्याने १९११ चा विषय काढला तेव्हा माझे कान टवकारले. साडेतीन हेक्टरवाला माणूस, हात नानांसारखेच, नखांत काळं. मोडकं इंग्रजी त्याचंही, माझंही.

त्या काळी बडे व्यापारी दक्षिणेकडून स्वस्त माल आणत आणि त्यावर शॅम्पेनचं नाव चिकटवून विकत. इथल्या शेतकऱ्याच्या द्राक्षाला भाव नाही. वर सलग वाईट हंगाम. १९१० ला तर रोगाने आणि पावसाने हाती काहीच लागलं नाही. त्यात ‘शॅम्पेन’ कुठपर्यंतची, ओब जिल्हा आत की बाहेर, यावर पॅरिसच्या सरकारने घातलेला घोळ. एप्रिल १९११ मध्ये याच गावात भडका उडाला. व्यापाऱ्यांची घरं पेटली, तळघरं फोडली, रस्त्यातून वाइन वाहिली. घोडदळ आणावं लागलं.

मग हळूहळू कायदे झाले. १९२७ साली सीमा पक्की झाली, १९३६ ला नावाला संरक्षण मिळालं. आणि दंगलीला बरोबर तीस वर्षं होत असताना, एप्रिल १९४१ मध्ये, जर्मनांच्या कब्जात असताना, शेतकरी आणि घराणी यांची एक समिती बनली. दोघांना सारखं वजन. ती आजही आहे. एका हेक्टरमधून किती माल तोडायचा ते दरवर्षी ही समिती ठरवते: २०२४ ला दहा हजार किलो, २०२५ ला नऊ हजार. जास्तीचं पीक आलं तर त्याचा काही भाग वाइन करून टाक्यांत राखून ठेवायचा, वाईट सालासाठी. कणगीत बी-भरण ठेवावं तसं. पूर्वी तर गावांना टक्के होते. आई शंभर टक्क्यांचं गाव, म्हणजे ठरलेला भाव इथे पूर्ण मिळायचा. दुसऱ्या गावाला नव्वद, आणखी कुणाला ऐंशी. टक्क्यांची पद्धत आता गेली, पण बाटलीवर ‘ग्राँ क्र्यू’, म्हणजे अव्वल दर्जा, लिहिण्याचा मान शंभर टक्केवाल्या सतरा गावांकडे राहिला.

‘एकरी चारच टन?’ नाना रात्री फोनवर म्हणाले. आमच्याकडे एकरी दहा-बारा टन निघतो. ‘आणि भाव?’

किलोला सहा-सात युरो. नानांनी हिशोब केला, दोनदा केला. सहाशे रुपयांच्या वर! एका बाटलीला सव्वा किलोच्या आतबाहेर द्राक्षं लागतात. इथल्या नव्वद टक्के बागा अशाच लहान शेतकऱ्यांच्या आहेत, सोळा हजारांवर कुटुंबं. बाटल्या मोठ्या घराण्यांच्या नावाने जास्त खपतात, पण द्राक्षासाठी त्यांना यांच्याच दारात यावं लागतं. मला बुडबुड्यांपेक्षा या गोष्टीची नशा जास्त चढली, खोटं कशाला बोलू.

त्या नावाला ही मंडळी जपतात कशी! एका मोठ्या पॅरिसच्या फॅशनवाल्याने १९९३ ला अत्तराला ‘शॅम्पेन’ नाव दिलं तर कोर्टात खेचून काढायला लावलं. स्वित्झर्लंडमध्ये शांपान्य नावाचंच एक खेडं आहे, शतकानुशतकं; २००४ पासून त्यांना स्वतःच्या वाइनवर स्वतःच्या गावाचं नाव लिहिता येत नाही. हे जरा अतीच. पण नाशिकच्या द्राक्षांनाही जीआय (भौगोलिक) मानांकन आहे, नाशिक व्हॅली वाइनलाही आहे, आणि व्यापारी बागेत उभा राहून घड हातात तोलतो तेव्हा आजवर कुणी त्याचं नाव काढलेलं मी ऐकलं नाही.

सगळंच गोमटं नाही. इथे तोडणी हातानेच करायचा नियम आहे आणि दोन-तीन आठवड्यांत लाखावर मजूर लागतात. २०२३ च्या सप्टेंबरात भर उन्हात तोडणी चालू असताना काही मजूर दगावले. त्याच हंगामात आफ्रिकेतून आलेल्या मजुरांना जनावरांसारखं कोंबून ठेवल्याचं उघड झालं आणि २०२५ मध्ये मजूर पुरवणाऱ्यांना मानवी तस्करीबद्दल शिक्षा झाली. मी हे त्या शेतकऱ्याला विचारलं. तो ग्लास फिरवत राहिला, मग म्हणाला, ‘ते ठेकेदार होते.’ मला पुढे काही बोलवेना. आमच्या बागेत विरळणीला पेठ-सुरगाण्याची माणसं येतात, एकरी उक्तं ठरवून. ती झोपतात कुठे? आमच्या पत्र्याच्या शेडमध्ये, खतांच्या गोण्यांशेजारी. त्यांना मुकादमच आणतो.

वाइन? सांगते. त्याच्या स्वतःच्या पिनोची होती, चार वर्षं साक्यावर झोपलेली. पहिला घोट कैरीची साल चावल्यासारखा, मग पहाटे बेकरीवरून जाताना येतो तो वास, आणि शेवटी जिभेवर खडबडीत काहीतरी, पाटी चाटल्यासारखं. (लहानपणी सगळ्यांनीच चाटलीय.) रँसच्या विद्यापीठातल्या झेरार लिजे-बेलेर नावाच्या भौतिकशास्त्रज्ञाने एका ग्लासातून दहा लाखांच्या आसपास बुडबुडे निघतात असं काढलंय. मी ग्लास कानाशी नेला. दूरवर पत्र्यावर बारीक पाऊस पडत असावा असा आवाज येत होता.

‘चव कशी?’ नानांनी विचारलं. ‘माळ आहे गळ्यात, नुसतं ऐकतो.’

मी सांगितली तशीच. त्यांनी ऐकून घेतली. मग १९११ ची गोष्ट पुन्हा एकदा सांगायला लावली, सावकाश. संपल्यावर म्हणाले, ‘आपण आपलाच खुंट जाळला.’ आणि फोन आईकडे दिला.

बाटली मी आणली नाही. घरात ठेवता आली नसती आणि लपवून आणायचं माझं वय नाही. बांधावरच्या पायवाटेत लिंबाएवढा खडूचा एक खडा पडला होता, तो मोज्यात गुंडाळून आणला. नानांनी तो उलटापालटा केला, नखाने खरवडला, जिभेला लावून पाहिला. मग खिशात टाकून बागेकडे गेले.

आता तो पंपघरात असतो, स्टार्टरच्या पेटीवर. लोखंडी दारावर नाना त्याने फवारणीचा हिशोब लिहितात. परवा गेले तेव्हा लिहिलेलं होतं: ‘डावणी, दुसरा हात, १४ जून, चार ड्रम.’ पावसाने पुसतं, म्हणाले, पण अक्षर झकास येतं.